आत्यानं शिकवलेलं मशीन

माझ्या आत्याला टीबी निघाल्याची बातमी आमच्या कंपनीत पेढे वाटून साजरी झाली. पेढा मीही खाल्ला. रुग्णांची नावं तोवर मला कुणी सांगितली नव्हती, आणि पेढा कंदी होता.

कंपनीचं नाव रक्तवाणी. अंबरनाथ एमआयडीसीत एका बाजूला बिस्किटांचे खोके बनवणारे, दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे भरणारे, आणि मधल्या गाळ्यात आम्ही, मानवजातीचं भविष्य. संस्थापक महेश सर कुळगावचे. वडिलांची भातशेती होती तिथं आता सात मजली टॉवर आहे, आणि त्यातल्या दोन फ्लॅटच्या भाड्यावर विज्ञान चालू होतं. मी सम्यक, उल्हासनगर कॅम्प पाचचा, एमएस्सी स्टॅटिस्टिक्स. माझं पद ‘डेटा सायंटिस्ट’ होतं. मी लागलो तेव्हा मशीन शिकून तयार झालेलं होतं, त्यामुळे माझ्याकडे त्याचे आलेख रंगवायचं काम आलं. सरांना हिरवा रंग आवडायचा. मी हिरवा मारायचो.

मशीन काय करतं ते मी आत्याला जसं सांगितलं तसंच इथं सांगतो. अंगातल्या प्रत्येक पेशीकडे स्वयंपाकाचं एकच जाडजूड पुस्तक असतं. सगळ्यांकडे तेच. पण पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा आज कुठली पानं उघडी आहेत, हे महत्त्वाचं. टीबी झाला की रक्तातल्या पेशी लढाईची पानं उघडतात. आमचं मशीन रक्ताचा थेंब घेऊन उघडी पानं मोजायचं आणि टक्क्यांत सांगायचं, हा आजारी, हा निरोगी. त्यासाठी आधी त्याला शिकवावं लागतं. हे बघ आजाऱ्यांचं रक्त, हे बघ धडधाकटांचं, फरक तुझा तू शोध. ते शोधतं. फक्त काय शोधलं ते सांगत नाही.

“आपल्या घरातल्या पुरुषांसारखं,” आत्या म्हणाली.

आजाऱ्यांचं रक्त एका हॉस्पिटलच्या टीबी ओपीडीतून आलं होतं. ही ओपीडी दर गुरुवारी असायची. धडधाकटांचं रक्त आमच्याच मंडळाचं. जयंतीला कॅम्प पाचमध्ये आम्ही रक्तदान शिबिर घेतो. तिथं रक्तवाणीची लॅबवाली किर्ती आली आणि तिनं प्रत्येकाकडे एक छोटी नळी जास्तीची मागितली. पहिली नळी यशोधराआत्याची. शिबिरातलं पहिलं रक्त दरवर्षी तीच देते. पलंगावर अशी आडवी होते की जणू फीत कापतेय. नळ्या गरम असतानाच निघाल्या. पुढं मागं मंडळाच्या पोरांच्या बाइक, निळे झेंडे. राज्यपालांच्या गाडीलाही इतका बंदोबस्त नसेल. अर्ध्या तासात रक्त मशीनवर. निरोगी माणूस कसा असतो, ते मशीन या रक्तावरून शिकलं.

आता कॅन्टीन. आत्या एमआयडीसीतल्या एका सामायिक कॅन्टीनची मुख्य आचारीण. आसपासच्या गाळ्यांतले शेकडो कामगार तिथं जेवतात. ठेकेदार भावेश, पण कॅन्टीन आत्याचं. तिच्या डाळीची ख्याती अशी की रंगाच्या डब्यांवाला एक सुपरवायझर चांगली बढती सोडून इथंच राहिला. महेश सरांनी भावेशला गाठलं. तुमच्या बायकांची मोफत तपासणी करतो, आमचा पायलट प्रोजेक्ट होईल, तुमचं नाव होईल. भावेशनं दिवस दिला गुरुवार. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, तेव्हा रक्त दिल्यावर हात दुखला तरी सुट्टीतच दुखावा, हा हिशेब.

शनिवारी मशीननं निकाल दिला. सोनिया सोडून कॅन्टीनमधल्या सगळ्या बायकांना टीबी.

“क्लस्टर!” महेश सर केबिनमधून धावत बाहेर आले. घरात जुळं झाल्यासारखा चेहरा. “सम्यक, वी हॅव अ क्लस्टर!”

क्लस्टर म्हणजे एकाच जागी रुग्णांचा घोळका. मग पेढे.

भावेशनं दुपारपर्यंत सगळ्यांना घरी पाठवलं. मागं उरली सोनिया. सोनिया मिरची परतते म्हणून वर्षभर खोकत असते, इतकं की कामगार तिच्या खोकल्यावरून जेवणाची वेळ ओळखतात. मशीनच्या मते अख्ख्या कॅन्टीनमध्ये ती एकटी ठणठणीत होती. तिनं एकटीनं शेकडो माणसांचा स्वयंपाक केला. सोमवारी सुपरवायझरनं त्या जुन्या बढतीची परत चौकशी केली.

आत्या सरळ सरकारी दवाखान्यात गेली. थुंकी तपासली, एक्सरे काढला. काही नाही. डॉक्टर म्हणाले, बाई, कामावर जा. ती कामावर गेली. भावेश दारात आडवा.

“ताई, डॉक्टर काय, माणूसच आहे. माणूस चुकतो.”

“आणि मशीन?”

“मशीनमध्ये एआय आहे.”

मग ती आमच्या कंपनीत आली. मी तिला सरांच्या केबिनमध्ये घेऊन गेलो. सरांनी तिचा एक्सरे उजेडात धरला, उलटा, आणि खूश झाले.

“निगेटिव्ह येणारच! आमचं मशीन लक्षणांच्या आधी ओळखतं.”

“किती आधी?” आत्यानं विचारलं.

“तेच तर संशोधन आहे.”

“म्हणजे मला न झालेला टीबी तुम्हाला दिसतो.”

“एक्झॅक्टली!” सरांना वाटलं, बाई हुशार आहे.

तेवढ्यात चहा आला. सरांना काचेचा ग्लास, मला काचेचा ग्लास. आत्यासमोर कागदी कप. आणणाऱ्यानं तो तिच्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागं सरकला. आत्या त्या कपाकडे बघत राहिली. चहावर साय धरली. तिनं हात लावला नाही. मीही माझा खाली ठेवला. सर पीत राहिले.

बाहेर आल्यावर ती गेटजवळ थांबली.

“सम्या, माझ्या आजीला गावात वेगळी कपबशी होती. वळचणीला खोचून ठेवलेली. तिनं पिऊन झालं की तिनंच धुवायची, तिनंच परत खोचायची. छप्पन साली ती म्हणाली, आता बास. तेव्हापासून आमच्या घरात कुणी वेगळ्या कपातून प्यायलं नाही.”

“आत्या, त्यांना टीबीची भीती...”

“टीबी असता तर गोळ्या खाल्ल्या असत्या. मला त्याची लाज नाही. शेजारच्या शीलाला झाला होता, कोर्स पुरा करून खडखडीत बरी झाली, आता मलाच शिव्या देते. पण वेगळा कप मी नसलेल्या रोगाला घेणार नाही. आणि असलेल्या रोगाला पण घेणार नाही.” ती रिक्षाला हात करत म्हणाली, “मला माझी चूल परत पाहिजे. आणि एक सांग. जयंतीला आपण रक्त दिलं, ते याच मशीनला ना?”

“हो.”

“निरोगी कसं असतं ते मीच त्याला शिकवलं. आणि मलाच नापास करतंय?”

रिक्षा गेली. मी गेटवर तसाच उभा. एमएस्सीच्या चार सेमिस्टरमध्ये एकाही प्राध्यापकानं मला इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता.

आत्या तीच, मशीन तेच. मग बदललं काय? मी सोनियाकडे गेलो. ती कांदा चिरत होती, खोकत होती, रडत होती. तिन्ही कामं एकदम.

“सोनियाताई, तुम्ही रक्त कधी दिलं?”

“शनिवारी सकाळी. गुरुवारी पोरीच्या शाळेत मीटिंग होती ना. का रे? मला पण झाला का?”

“नाही, तुम्ही एकट्याच पास.”

“मग बदल ना तो निकाल,” ती म्हणाली. “हे सगळं एकटीनं करून मरेन मी. मला पण टीबी दे.”

सोनियाचं रक्त शनिवारचं, ताजं. जयंतीचं रक्तही ताजं. बाकीच्या बायकांचं गुरुवारचं. आणि ज्या टीबी रुग्णांवर मशीन शिकलं, त्यांचंही गुरुवारचं. गुरुवारचं रक्त सुट्टी ओलांडून शनिवारी मशीनवर चढतं. रक्त आहे तसं थोपवून धरणाऱ्या खास नळ्या मिळतात, पण त्या महाग म्हणून सरांनी साध्या घेतल्या होत्या. “फ्रीज आहे की,” असं त्यांचं म्हणणं.

फ्रीजवरून मला डबकं आठवलं. दर शनिवारी सकाळी आमच्या फ्रीजखाली पाणी साचलेलं असायचं. सरांनी त्यासाठी वास्तुवाल्याला बोलावलं होतं. त्यानं फ्रीजचं तोंड उत्तरेला करायला सांगितलं. केलं. पुढच्या शनिवारी डबकंही उत्तरेला सरकलं.

शुक्रवारी मी सुट्टी असून गाळ्यावर गेलो. अख्खा कॉम्प्लेक्स बंद. गाळ्यांचे मालक रघुकाका पालेगावचे, जमीन विकून गाळे बांधलेले. दारात खुर्ची टाकून कान कोरत बसले होते. आत अंधार. फ्रीज गप्प. उघडून पाहिला तर आतून कोमट वाफ अंगावर आली आणि गुरुवारच्या ओपीडीतल्या रुग्णांच्या नळ्या घामेजून बसल्या होत्या.

“काका, लाइट गेली?”

“गेली नाय, म्या घालवली. गुरुवारी जाताना मेन पाडतो ना. सुट्टीत मीटर कशाला फिरवायचा फुकाट?”

“दर आठवड्याला?”

“गाळं बांधलं तवापासून. कोनाची तक्रार नाय.”

“अहो, आत आमचा फ्रीज आहे!”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच निर्दयी ठरलो. “फ्रीजला पन नको का सुट्टी?”

रक्त शरीराबाहेर आलं तरी पेशी लगेच मरत नाहीत. ऊब, कोंडलेली नळी, खायला काही नाही, अशात त्या घाबरून भलतीच पानं उघडत सुटतात. सगळे आजारी नमुने असे शुक्रवारभर शिजलेले आणि सगळे निरोगी नमुने ताजे. मशीनला दोन फरक दाखवले गेले, टीबीचा आणि शुक्रवारचा. त्यानं सोपा उचलला. मीही तेच केलं असतं. त्याला टीबी ओळखायला येत नव्हता. त्याला शिळं रक्त ओळखायला येत होतं, आणि ते मात्र उत्तम.

शनिवारी हे मी सरांना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“सम्यक, पुढच्या शनिवारी मनाली मॅडम येतायत. त्यांच्या फंडानं पैसे घालायला हो म्हटलं की बदलापूर ते उल्हासनगर प्रत्येक कॅन्टीन, प्रत्येक बालवाडी आपल्या मशीनवर. शुक्रवार आपण व्हर्जन टूमध्ये काढू.”

“सर, शुक्रवार कॅलेंडरमधून काढावा लागेल.”

“देन फाइंड अ वे.”

“सर, बालवाडीतल्या बायका घरी बसतील. माझी आत्या...”

“तुझ्याकडे प्रूफ आहे?”

प्रूफ नव्हतं. माझ्याकडे एक डबकं होतं आणि एक सिद्धांत. दोन्ही मी त्या रात्री आत्याच्या कानावर घातली.

मॅडमना क्लस्टर प्रत्यक्ष दाखवायचा म्हणून सरांनी सगळ्या बायकांना गुरुवारी परत रक्त द्यायला बोलावलं. बायका आल्या, पण सगळ्यात पुढं आत्या, आणि तिनं बाही वर केलीच नाही.

“साहेब, आधी तुम्ही.”

“मी कशाला?”

“तुम्ही धडधाकट ना? मग तुमचं रक्त असलं की मॅडमला फरक दिसेल. का सुई टोचते?”

मागं बायका हसल्या. किर्तीनं हसू दाबायला हातमोजा ओढला, तो फाटला. सरांनी बाही वर केली. “ऑफ कोर्स! मी रोज जिमला जातो. परफेक्ट कंट्रोल सॅम्पल.” त्यांनी स्वतःच्या नळीवर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, स्वतः फ्रीजमध्ये ठेवली. फ्रीजचं तोंड उत्तरेला होतंच.

संध्याकाळी रघुकाका मेन पाडायला आले, तेव्हा मी दारातच होतो. एक शब्द बोललो नाही. चालू प्रयोगात हात घालू नये असं शिकवलं होतं, आणि शिक्षणाचा असा उपयोग रोज होत नाही.

शनिवारी मनाली मॅडम आल्या. डबकं ओलांडलं, खुर्चीत बसल्या. नळ्या मशीनवर चढणार, एवढ्यात दार उघडून आत्या आत. मागून सोनिया सोडून सगळं कॅन्टीन.

“जय भीम. मॅडम, आमचं अजून एकदा रक्त घ्या. आत्ता, तुमच्यासमोर. साहेबांचं पण.”

“याची गरज नाही,” सर म्हणाले.

“का बरं?” मॅडमनी विचारलं. “जास्त डेटा चांगलाच ना?”

डेटा जास्त झालेला नको, असं म्हणायला सरांची जीभ वळेना. हा शब्द त्यांचाच होता. किर्तीनं दोघांचं रक्त घेतलं, आत्याचं आणि सरांचं. जुन्या नळ्या, नव्या नळ्या, सगळ्या एकत्र चढल्या. मशीन घरघरत बसलं. त्या वेळात सरांनी मॅडमना माझे आलेख दाखवले. मॅडम म्हणाल्या, हिरवा फार आहे.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी मोठ्या स्क्रीनवर निकाल उमटले. निरोगी हिरवे, आजारी लाल, सगळ्यात आजारी सगळ्यात वर. ही मांडणी माझी होती आणि मला तिचा अभिमान आहे.

सगळ्यात वर: महेश, गुरुवार. सत्त्याण्णव टक्के. लालभडक.

त्याखाली आत्या आणि बाकीच्या बायका, गुरुवारच्या, लाल. आणि तळाला दोनच हिरवे. यशोधरा, शनिवार. महेश, शनिवार.

मॅडमनी खुर्ची हळूच एक वीत मागं घेतली. “हे वरचे महेश आणि हे खालचे महेश... दोन्ही तुम्हीच?”

“मशीन लक्षणांच्या आधी...” सरांनी सुरुवात केली. स्वतःचंच वाक्य ऐकून त्यांना बहुतेक भीती वाटली.

“म्हणजे साहेब, गुरुवारी तुम्हाला टीबी होता आणि आज गेला?” आत्या स्क्रीनजवळ गेली. “एका सुट्टीत? अहो, मग मशीन कशाला विकता, औषध विका की!”

बायका फुटल्या. किर्तीनं दुसरा हातमोजा फाडला.

“मग हे मशीन नक्की ओळखतं काय?” मॅडमनी मला विचारलं.

“मॅडम, फ्रीज बंद होता की नाही, ते. त्यात चूक नाही त्याची.”

“साहेब,” आत्या सरांकडे वळली. आवाज बारीक केला, पण कमी नाही. “दोनातलं एक बोला. हे खरं असेल तर आजपासून तुम्ही घरी बसा, मी बसले तशी. कप घरूनच आणा. नाहीतर हे खोटं आहे, असं म्हणा.”

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. मॅडमकडे पाहिलं. मॅडम नाकाला रुमाल लावून होत्या.

“खोटं आहे,” सर म्हणाले.

“मला नका सांगू. भावेशला सांगा. इथंच, स्पीकरवर.”

सरांनी फोन लावला. “हॅलो भावेश, ते आपलं मशीन... शुक्रवारमुळे...”

“शुक्रवार?” पलीकडून भावेश, आणि मागं सोनियाचा खोकला. “साहेब, आज शनिवार.”

आत्यानं फोन काढून घेतला. “भावेश, चूल पेटव. आम्ही येतोय.”

“ताई, पण रिपोर्ट...”

“साहेबांचा आलाय रिपोर्ट. सत्त्याण्णव टक्के. त्यांच्याशी बोल.” तिनं फोन सरांना परत दिला आणि सगळ्या बायका डबक्यातून, चपला वाजवत, बाहेर.

मागं किर्ती धरून आम्ही चौघं उरलो. मॅडम म्हणाल्या, फ्रीज बंद पडल्याचं ओळखणाऱ्या मशीनला बाजार असेल का? लशी वगैरे असतात ना फ्रीजमध्ये. सरांचे डोळे चमकले. मी म्हणालो, त्याला थर्मामीटर पुरतो. या वाक्यावर माझी नोकरी गेली. साप्ताहिक सुट्टी आता सातही दिवस.

पण जेवायला मी गेलो. सरही आले, मॅडमना घेऊन. एमआयडीसीत दुसरीकडे जेवायला मिळतंय कुठं? बातमी आमच्या आधी पोचली होती. कामगार रांगेत कुजबुजत होते. भावेशनं घाईघाईनं कोपऱ्यात, हात धुवायच्या नळाशेजारी, एक टेबल ओढलं आणि त्यावर सरांसाठी कागदी प्लेट मांडली. एकच. मग दोन पावलं मागं सरकला.

सर प्लेटकडे बघत उभे राहिले. मी इतके दिवस त्यांच्याकडे होतो. त्यांना एकही इंग्रजी शब्द सुचत नाही, असं पहिल्यांदाच झालं.

आत्या पळी घेऊन बाहेर आली. मला वाटलं, आता हिची पाळी आहे, बोलू दे काय बोलायचं ते. ती टेबलाशी गेली. कागदी प्लेट उचलली, चुरगळली आणि भावेशच्या शर्टाच्या खिशात कोंबली.

“परत दिसली ना कुणाच्या पुढं, तर तुलाच वाढीन यात.” मग ढिगातलं स्टीलचं ताट काढून सरांच्या हातात दिलं. “लाइनीत या साहेब. आजारी असा, नसा. लाइन एकच आहे.”

सर रांगेत माझ्या मागं उभे राहिले. मॅडम त्यांच्या मागं, रुमाल पर्समध्ये ठेवून. आतून सोनिया खोकली आणि साऱ्या कॅन्टीननं सवयीनं ताटं पुढं केली.